खापरी थकते, भाऊ

सही केली नाही, भाऊ.

आधी तेवढं सांगून टाकते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. तुम्ही गेल्याच्या सहाव्या दिवशी प्राचार्य सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर अकरावीच्या मुलींच्या प्रयोगवह्यांचा गठ्ठा होता. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर ते छापील प्रमाणपत्र, की सगळे प्रयोग विद्यार्थिनीने स्वतः केले आहेत. अजून पाच प्रयोग व्हायचे होते. सर म्हणाले, "मॅडम, भाऊ तर गेले बिचारे. त्यांच्या जागी आता कोणी येत नाही. तुम्ही सह्या मारून टाका, पोरी फळ्यावरून उतरवून घेतील. अन् प्रयोगशाळेची चाबी ऑफिसात जमा करा. तिथं मोठा स्क्रीन लावून घेऊ. सब कुछ व्हिडिओत दिसते आजकाल."

सही मागितल्याचा राग नंतर आला. आधी आला तो त्या 'बिचारे'चा. तुम्ही आणि बिचारे! मी पेनचं टोपण लावलं, म्हटलं, "सर, प्रयोग झाल्याशिवाय सही होणार नाही. आणि चावी माझ्या पर्समध्ये आहे, तिथेच राहील." 

स्टाफरूममध्ये एक जण हळूच म्हणाले, "परिचर होते ते, मॅडम. एवढं काय मनाला लावून घेता?" होते ना परिचर. कागदावर तेच होतं. नळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या, टेबल पुसायचं. लाखनीच्या पुढे, हायवेपासून आत असलेल्या या कॉलेजात तुम्ही सव्वीस वर्षं ते केलं, आणि मी अकरा वर्षांपूर्वी नागपूरहून एम.एस्सी. होऊन आले तेव्हा मला बर्नर धड पेटवता येत नव्हता, हे त्या कागदावर कुठेच नाही.

माझा पहिला क्रॅकिंगचा प्रयोग आठवतो? मला तर झोपेतसुद्धा आठवतो. जाड काचेच्या नळीत तळाशी काचेची लोकर, तिच्यावर पॅराफिन तेल, मधोमध फुटक्या माठाच्या खापऱ्या, आणि खापऱ्यांखाली आग. तेलाची वाफ तापलेल्या खापऱ्यांवरून गेली की तिचे लांब लांब रेणू तुटतात, त्यातून लहान रेणूंचा वायू निघतो आणि वाकड्या नळीतून पाण्याखाली उलट्या धरलेल्या परीक्षानळीत बुडबुड्यांनी जमतो. फळ्यावर मी हे झोकात शिकवलं होतं. वायू जमला, मुली खूश, मी खूश, आणि मी सगळ्यात आधी काय केलं? गॅस बंद केला. घरी आईने लहानपणापासून हाताला लावलेली सवय, काम झालं की पहिला गॅस बंद, सिलिंडर पुरला पाहिजे. नळी गार व्हायला लागली, आतला वायू आकसला आणि पाणी सरसर वर चढायला लागलं. लाल तापलेल्या काचेकडे गार पाणी निघालं होतं आणि मी बघत उभी होते.

"नळी काढा, मॅडम! नळी!"

मला कळलंच नाही कोणती नळी. तुम्ही मला खांद्याने बाजूला सारलं आणि हातातला लाकडी ट्रे मध्ये धरला. काच फुटली ती त्या ट्रेवर. एक तुकडा तुमच्या मनगटात गेला. मुली किंचाळल्या, मी पांढरीफटक. तुम्ही रुमाल गुंडाळला आणि वर्गाकडे वळून म्हणालात, "पाहून घेतलं ना सगळ्यायनं? मॅडमनं मुद्दाम करून दाखवलं. आधी नळी, मंग आग. पाण्यातून नळी काढल्याबिगर आग बंद करायची नाही." दुसऱ्या दिवशी खडूने टेबलामागच्या भिंतीवर तेच लिहिलंत. 'मुद्दाम करून दाखवलं' हे खोटं तुम्ही अकरा वर्षं निभावलं. मी त्याबद्दल साधे आभारसुद्धा मानले नाहीत, कारण आभार मानले असते तर चूक कबूल करावी लागली असती. माझा स्वभाव तुम्हाला माहीत होता.

पॅराफिन तेल तुम्ही लाखनीच्या मेडिकलमधून आणायचे. पोट साफ व्हायचं औषध ते. एकदम चार बाटल्या मागितल्या की दुकानदार विचारायचा, "का भाऊ, अख्ख्या कालेजाचं पोट बिघडलं का?" तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "नाही, फक्त रसायनशास्त्राचं." हा विनोद तुम्ही दरवर्षी मला नव्याने सांगायचे आणि मी दरवर्षी हसायचे.

पण वर्गात तुम्ही जे सांगायचे, ते माझ्या फळ्यापेक्षा मुलींच्या लवकर डोक्यात शिरायचं. मी या वायूतल्या अल्कीनमधला दुहेरी बंध काढत बसायचे. दोन कार्बन, मध्ये दोन रेघा, ब्रोमीन आला की एक रेघ उघडते आणि दोन्ही कार्बनांवर एकेक ब्रोमीन बसतो, म्हणून ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग जातो. मुली माना हलवायच्या आणि त्यांच्या डोळ्यांत काहीच नसायचं. मागून तुमचा आवाज यायचा, "पोट्ट्याहो, दोन जणी दोन्ही हातायनं एकमेकीले धरून उभ्या हायत. एक एक हात सोडला तं तिसऱ्याले धरता येते का नाही? येते ना? मंग ब्रोमीनले धरते. अन् जिचे सगळे हात आधीच गुंतले, थे कोणाले धरन?" झालं. दुहेरी बंध नसलेल्या अल्केनला रंग का घालवता येत नाही, हेही त्यातच येऊन गेलं.

त्याच वायूने पोटॅशियम परमँगनेटचा गुलाबी रंगही जातो, ते तर तुम्हाला शिकवायलाच नको होतं. तुमच्या घरचे सगळे तलावात मासे धरणारे, मत्स्यबीज सोडायच्या आधी ते लाल दवाईच्या पाण्यात बुडवून काढणारे. गढूळ पाण्यात दवाई टाकली की गुलाबी रंग टिकत नाही, हे तुम्ही शाळेत जायच्या आधीच पाहिलेलं. "पाणी दवाई खाते, मॅडम. गाळ जास्त असला का जास्त खाते. हा गॅसही खाऊन राहिला." मी तेव्हा म्हटलं होतं, बरोबर आहे, दोन्हीकडे ऑक्सिडीकरणच होतं. तुम्ही म्हणालात, "असन. आमी त्याले खाणंच म्हणतो."

इथवर आपलं जमायचं. भांडण खापऱ्यांवरून.

पुस्तक सांगतं, उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः खर्च होत नाही. मी ते वाक्य मुलींना पाठ करायला लावायचे. तुम्ही दोन-तीन प्रयोग झाले की नळीतल्या खापऱ्या काढायचे, माझ्यासमोर तळहातावर धरायचे. लालसर खापऱ्या काळ्या कुळकुळीत झालेल्या असायच्या. "मॅडम, ह्या थकल्या."

"भाऊ, खापऱ्या थकत नसतात. काजळी बसली आहे नुसती."

"काजळी बसली म्हणून का होईना, पण गॅस कमी देऊन राहिल्या ना? मंग थकल्या. मी घरी चुलीत जाळून आणतो. सकाळी पुन्हा ताज्या होतात."

तुम्ही त्या खरंच घरी न्यायचे, मागच्या अंगणात पाणी तापवायच्या चुलीत टाकून ठेवायचे आणि सकाळी पुन्हा लालसर झालेल्या कागदात बांधून आणायचे. मला ते तुमचं एक खूळ वाटायचं. एकदा मुलींसमोर तुम्ही पुन्हा 'थकल्या' म्हणालात आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही दहावी, मी एम.एस्सी. मुलींनी कोणाचं ऐकायचं?"

तुम्ही हसलात. "तुमचंच ऐकायचं, मॅडम. पण खापरी माह्यं ऐकते." आणि बाटल्या पुसायला लागलात.

ते वाक्य मी बोलले, भाऊ. कुणी बोलायला लावलं नव्हतं. बारा दिवस झाले, जेवायला बसले की तेच वाक्य ताटात येऊन पडतं.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते. दोन वर्षांपूर्वी मी आठवडाभर प्रशिक्षणाला गेले होते. तिथे तेलशुद्धीकरण कारखान्यात काम केलेले एक गृहस्थ बोलायला आले. त्यांनी सांगितलं, क्रॅकिंग करताना उत्प्रेरकाच्या कणांवर कार्बनचा थर चढतो आणि ते बघता बघता निकामी होतात. मग ते कण दुसऱ्या टाकीत नेतात, हवा देऊन त्यांच्यावरचा कार्बन जाळतात आणि पुन्हा कामाला लावतात. एवढाले कारखाने याच फेऱ्यावर चालतात. सगळे लिहून घेत होते. मी पेन हातात धरून बसले आणि मला तुमची अंगणातली चूल दिसत होती. पुस्तकातलं वाक्य खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. दुसरा अर्धा भाग तुमच्या तळहातावर होता आणि मी तो नऊ वर्षं झटकत आले होते.

परत आल्यावर सांगायला हवं होतं ना? एक वाक्य होतं. "भाऊ, तुमचं बरोबर होतं." नाही निघालं तोंडातून. मी फक्त एवढंच केलं की पहिल्या प्रयोगानंतर आपणहून म्हटलं, "भाऊ, या खापऱ्या जाळून आणा." तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "हो, मॅडम." बस, तेवढंच. मला वाटलं, सुटले.

आणि शेवटचं भांडण मंगळवारचं. तुम्ही म्हणालात, "मॅडम, एकदा पोरींच्या वहीत लिहू द्या ना, थकते म्हणून." मी म्हटलं, "पुस्तकात नाही ते लिहिलं तर मार्क जातो, भाऊ." तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या एक मार्क." मग छातीवरून हात फिरवत म्हणालात, जळजळ होऊन राहिली सकाळपासून. मी डॉक्टरकडे जा म्हटलं. तुम्ही म्हणालात, "कायले? कपाटात पॅराफिन हाय ना, दोन चमचे घेतो." आणि मी हसले. गुरुवारी सकाळी तुम्ही भावाबरोबर तलावावर जाळं ओढायला गेलात आणि काठावर बसलात ते उठलाच नाहीत. तुमच्यावर राग आहे माझा. चारचौघांना रस्त्याचे नियम सांगावेत तसे तुम्ही आम्हाला नियम सांगायचे, आणि स्वतःच्या छातीची गोष्ट औषधाच्या विनोदावर नेलीत. आणि मी हसले, तो राग तर वेगळाच.

दहाव्यानंतर मी तुमच्या घरी बसायला गेले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, मागच्या अंगणात गेल्या आणि ओंजळभर खापऱ्या घेऊन आल्या. काळ्या, राखेने माखलेल्या.

"मॅडम, ह्या तुमच्या कालेजाच्या. बुधवारी रातच्याले चुलीत टाकून ठेवल्या होत्या त्यायनं, सकाळी पाणी तापवताना जळून जातीन म्हणून. मंग चूलच नाही पेटली. दहा दिवस सोयरे डबे आणून राहिले. का करू, फेकू का?"

"नका फेकू, वहिनी."

त्या खाली बसल्या. "थे सांगत, ह्या जाळल्या का पुन्हा कामाले येतात. मी म्हटलं, तुमच्या मॅडमले माहीत हाय का? तं म्हणे, माहीत हाय, पण कबूल करत नाही. अन् हसत बसले."

मी तिथेच रडले, भाऊ. तुमच्या घरातल्या सगळ्यांसमोर, हातात त्या खापऱ्या घेऊन. दोन वर्षं मला वाटत होतं की मी लपवलं आहे. तुम्ही 'हो, मॅडम' म्हणालात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही मला त्या दिवशी पकडलं नाहीत. घरी जाऊन बायकोजवळ हसलात. पकडायला हवं होतं. मी भांडले असते, आणि भांडता भांडता कबूल केलं असतं.

अर्ध्या खापऱ्या मी तशाच काळ्या घेतल्या. उरलेल्या वहिनींकडे परत दिल्या आणि म्हटलं, "या जाळून द्याल? मुलींना दोन्ही दाखवायच्या आहेत." त्यांनी थोडा वेळ चुलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "या निमित्तानं पेटते तं पेटू दे."

काल प्रयोग केला.

टेबलावर दोन नळ्या मांडल्या. एकीत काळ्या खापऱ्या, एकीत वहिनींनी जाळून दिलेल्या. सर दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, अटेंडंट नाही अन् तुम्ही गॅस पेटवून राहिल्या. काही झालं तं जबाबदार कोण?"

"मी."

"लिहून द्या."

दिलं लिहून. त्यांच्याच प्रमाणपत्राच्या एका सुट्या प्रतीच्या कोऱ्या पाठीवर, की आजच्या प्रयोगाची जबाबदारी माझी आहे आणि उरलेले चारही याच खोलीत होतील. त्यांनी वाचलं, घडी केली, खिशात टाकली. पण गेले नाहीत. इतिहासाचे आहेत ना, नळीतून काय निघतं हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

काळ्या खापऱ्यांच्या नळीतून बुडबुडे आले, पण थांबत थांबत, नाइलाजाने आल्यासारखे. तो वायू ब्रोमीनच्या पाण्यात हलवला. रंग जरासा फिका पडला, गेला नाही. दुसऱ्या नळीतून बुडबुड्यांची रांग लागली. तितक्याच ब्रोमीनच्या पाण्यात तो वायू घेतला, अकरावीतल्या दुर्गाने बूच लावून परीक्षानळी दोनदा हलवली आणि तांबूस रंग गेला. पाणी स्वच्छ. दारातून सर म्हणाले, "आँ? रंग कुठं गेला?" मुली हसल्या. एकीने त्यांना सांगितलं, "सर, एक एक हात सोडून धरलं त्यायनं." सर आणखीच गोंधळले, पण दोन पावलं आत आले.

मग दुर्गाचा हात बर्नरच्या खटक्याकडे गेला. घरची सवय, दुसरं काय. मी तोंड उघडायच्या आत सगळा वर्ग ओरडला, "आधी नळी, मंग आग!" दुर्गाने चटकन हात मागे घेतला, दोन्ही नळ्या पाण्यातून काढल्या, मग आग बंद केली. भिंतीवरचं तुमचं अक्षर पार पुसट झालं आहे. कोणीही तिकडे पाहिलं नव्हतं.

मी मुलींना तेव्हाच सांगितलं, अकरा वर्षांपूर्वी इथे काच फुटली होती ती मॅडमच्या चुकीने, मुद्दाम नव्हे. आणि खापऱ्यांबद्दल मी जे भाऊंना बोलले होते तेही सांगितलं, दहावी-एम.एस्सी. सकट. शेवटपर्यंत सांगितलं. सर ऐकत होते. ऐकू दे.

मुली वह्या उघडून बसल्या. दुर्गा पेन चावत माझ्याकडे पाहत होती. "मॅडम, पुस्तकात तं लिहून हाय, उत्प्रेरक खर्च होत नाही. अन् इथं तं काळी खापरी कामच नाही करून राहिली. निरीक्षणात का लिहू?"

"जे दिसलं ते लिही."

"मार्क गेला तं?"

"जाऊ दे एक मार्क."

तिने मान खाली घातली आणि लिहिलं: वापरून वापरून खापरी थकते. जाळली की पुन्हा काम करते.

त्या पानावर मी सही केली, भाऊ. पूर्ण नाव लिहून.